रेल्वे अपघातात कायद्याने किती पैसे मिळतात, आणि ८ लाखांवरच का थांबतात

कुठेही मोठा रेल्वे अपघात झाला की तासाभरात टीव्हीवर आकडे फिरायला लागतात, रेल्वेकडून इतके, राज्य सरकारकडून इतके, पंतप्रधान मदत निधीतून इतके, आणि बघणाऱ्याला वाटतं की चला, घरच्यांना काहीतरी मिळालं, विषय संपला. खरं तर विषय अजून सुरूच झालेला नसतो. जाहीर होतात ते पैसे म्हणजे सानुग्रह मदत, सरकार आपणहून देतं, किती द्यायची आणि कधी द्यायची ते तेच ठरवतं. कायद्याने मिळणारी भरपाई ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, ती कुणी कॅमेऱ्यासमोर जाहीर करत नाही, ती अर्ज करून मागावी लागते, एका वर्षाच्या आत मागावी लागते, आणि तिला वरची मर्यादा आहे, माणूस कितीही कमावता असो, चूक कुणाचीही असो. हा फरक माहीत नसल्यामुळे किती कुटुंबं पहिल्या चेकवरच थांबत असतील, म्हणून हा सगळा प्रकार नीट सांगतो.

आधी सानुग्रह मदतीचं बघू कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. सप्टेंबर २०२३ मधे रेल्वे बोर्डाने याचे दर वाढवले. गाड्यांची टक्कर, गाडी रुळावरून घसरणं असला अपघात असेल तर मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख आणि किरकोळ जखमीला ५० हजार. पण घटना 'अनुचित घटना' या प्रकारात बसत असेल, म्हणजे गाडीतून पडणं, गाडीत दरोडा, बॉम्बस्फोट वगैरे, तर मृत्यूला दीड लाख, गंभीरला ५० हजार, किरकोळला ५ हजार. त्याआधी कित्येक वर्षं टक्करीतल्या मृत्यूलाही ५० हजारच होते. आणि हे दरसुद्धा पक्के नाहीत, २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरला कोरोमंडल एक्सप्रेसचा अपघात झाला तेव्हा रेल्वेने मृतांसाठी १० लाख जाहीर केले, कारण अपघात प्रचंड होता आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं.

आपल्याकडचं उदाहरण बघा. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमधे आग लागल्याची अफवा पसरली, चेन ओढली गेली, लोक घाबरून शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने त्यांना चिरडलं. त्यात रेल्वेने मृतांच्या कुटुंबाला दीड लाख जाहीर केले, राज्य सरकारने ५ लाख. आता वरचे दर आठवा, दीड लाखाचा आकडा बघितला की कळतं की रेल्वेच्या हिशोबात हा 'गाडीचा अपघात' नव्हता, दुसऱ्या खान्यातला होता. एवढ्या माणसांना एक्सप्रेस गाडीने उडवलं तरी. कुठल्या खान्यात टाकलं यावर सगळं अवलंबून असतं, आणि हीच गोष्ट पुढे कायद्यातही येते.

आता कायदा. रेल्वे कायदा १९८९, त्यातली तीन कलमं महत्त्वाची, १२३, १२४ आणि १२४अ. १२३ मधे व्याख्या आहेत. १२४ गाडीच्या अपघातासाठी, म्हणजे दोन गाड्यांची टक्कर (त्यातली एक तरी प्रवासी गाडी हवी), रुळावरून घसरणं, किंवा प्रवासी गाडीला झालेला दुसरा काही अपघात. १२४अ नंतर घातलं गेलं, १ ऑगस्ट १९९४ पासून लागू आहे, आणि ते अनुचित घटनांसाठी. त्यात दोन गट आहेत. पहिला, अतिरेकी हल्ला, मारहाण, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ, आणि हे गाडीतच झालं पाहिजे असं नाही, प्लॅटफॉर्म, वेटिंग रूम, तिकीट खिडकी, स्टेशनच्या आवारात कुठेही चालतं. दुसरा, प्रवासी गाडीतून प्रवाशाचं अपघाताने खाली पडणं. जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट पहिल्या गटात येतात, आणि मुंबईत वर्षभर रोज जे होत असतं ते दुसऱ्या गटात.

या दोन्ही कलमांचा गाभा एकच आहे आणि तो प्रवाशाच्या बाजूचा आहे. रेल्वेची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. कायद्यातच लिहिलंय की रेल्वेकडून काही गैरकृत्य, निष्काळजीपणा किंवा कसूर झाली असो वा नसो, भरपाई द्यायची. कोकण रेल्वेचं बघा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी हॉलिडे स्पेशल दरड आल्यामुळे घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमधे, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावरच्या दगडांमुळे घसरली. आता अशा वेळी साधं नुकसानभरपाईचं भांडण कोर्टात गेलं असतं तर रेल्वेने सरळ म्हटलं असतं की पाऊस आमच्या हातात नाही, डोंगर आमच्या हातात नाही, आणि विधवा बाईने वकील लावून सिद्ध करत बसायचं की जाळी कुठे बसवायला हवी होती आणि गाडीचा स्पीड किती होता. १२४ मुळे ते सगळं टळतं. अपघात झाला, माणूस प्रवासी होता, बास.

पण याची किंमत आहे, आणि ती किंमत म्हणजे मर्यादा. त्याच कलमात पुढे म्हटलंय की रेल्वेची जबाबदारी नियमांत ठरवलेल्या रकमेपुरती आणि फक्त तेवढ्यापुरतीच राहील. ते नियम म्हणजे १९९० चे भरपाई नियम, त्याच्या तक्त्यात मृत्यूची रक्कम आज ८ लाख आहे. १९९० मधे ती २ लाख होती, १ नोव्हेंबर १९९७ पासून ४ लाख झाली, आणि मग १ जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षांहून जास्त काळ, कुणी हातच लावला नाही. मग एकदम दुप्पट करून ८ लाख केली. त्यानंतर पुन्हा तसंच. महागाईप्रमाणे आपोआप वाढायची सोय या नियमांत नाही, केंद्र सरकारला वाटेल तेव्हा अधिसूचना काढून वाढवायची. आणि हे नियम बदलायला संसदेत नवा कायदा आणायची गरजही नाही, कलम १२९ खाली सरकारला तो अधिकार आहेच, एका अधिसूचनेचं काम आहे, म्हणून तर मला या एकोणीस वर्षांचा जास्त राग येतो.

जखमींसाठी तक्ता आहे. दोन्ही हात गेले, एक हात आणि एक पाय गेला, दोन्ही डोळ्यांची दृष्टी इतकी गेली की दृष्टीवर अवलंबून असलेलं कुठलंच काम करता येणार नाही, पूर्ण बहिरेपण, चेहरा अगदी विद्रूप झाला, याला मृत्यूएवढेच ८ लाख. खांद्यापासून हात गेला तर ७ लाख २० हजार. अंगठा गेला तर २ लाख ४० हजार. तक्त्यात नसलेल्या जखमांसाठी ट्रिब्युनल (रेल्वेविरुद्धचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) स्वतः ठरवतं पण त्याला वेगळी, बरीच कमी मर्यादा आहे, आणि एकाच माणसाला बऱ्याच जखमा असल्या तरी सगळं मिळून ८ लाखांच्या वर जाता येत नाही. इथे सुतार आहे की प्रोफेसर आहे हे बघितलं जात नाही, अंगठ्याची रक्कम दोघांना एकच, आणि सुताराचा अंगठा म्हणजे त्याचं अख्खं घर असतं हे त्या तक्त्याला दिसत नाही.

मग हे ८ लाख कमी आहेत की ठीक आहेत? हे समजायला रस्त्यावरच्या अपघाताशी तुलना करून बघा, कारण तिथे मर्यादा नाही. समजा तीस वर्षांचा माणूस, महिना २५ हजार कमावतो, स्वतःचा छोटा धंदा, घरी बायको आणि दोन लहान मुलं. तो एसटीत किंवा बाईकवर असताना दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुकीने गेला. मोटार अपघात ट्रिब्युनलमधे सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ मधे घालून दिलेल्या पद्धतीने हिशोब होतो. वर्षाची कमाई ३ लाख, पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के धरायचे म्हणजे ४ लाख २० हजार, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले २ लाख ८० हजार, आणि या वयाला १७ ने गुणायचं. झाले ४७ लाख ६० हजार, वर अंत्यविधी वगैरेची ठरलेली थोडी रक्कम वेगळी. तोच माणूस, तीच कमाई, तेच घर, आणि सिग्नलवाल्याच्या चुकीने गाड्यांची टक्कर होऊन गेला, तर ८ लाख.

आता रेल्वेची बाजू घेणारे म्हणतील की अहो रस्त्यावर ड्रायव्हरची चूक सिद्ध करावी लागते, इथे लागत नाही, म्हणून कमी. हे बरोबर आहे, आणि मर्यादेमागचा मूळ विचार तोच आहे, जगभर तोच आहे, की चूक सिद्ध करायची कटकट नको, त्या बदल्यात रक्कम ठरलेली. मला त्या सौद्याबद्दल तक्रार नाही. पण मोटार वाहन कायद्यात दोन दारं आहेत. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला सरळ ५ लाख घ्या, नाहीतर कलम १६६ खाली चूक सिद्ध करा आणि जेवढं खरं नुकसान तेवढं मागा. निवड तुमची. रेल्वेत फक्त पहिलं दार आहे. रेल्वेची ढळढळीत चूक असली, चौकशी अहवालात सिग्नलच्या कामात हलगर्जी झाली असं स्पष्ट आलं तरी रक्कम तीच, जी डोंगरावरून दगड आल्यावर मिळते. आणि दिवाणी कोर्टात जाऊ म्हटलं तर जिथे ट्रिब्युनलला अधिकार आहे तिथे बाकीच्या कोर्टांचं दार कायद्याने बंद केलंय. हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टात रिट (हक्कासाठी थेट केलेली याचिका) हा मार्ग राहतो, आणि रेल्वेच्या आवारात झालेल्या गुन्ह्यासाठी सुप्रीम कोर्टाने २००० साली अशा मार्गाने रेल्वेला १० लाख द्यायला लावल्याचं उदाहरण आहे, पण तो अपवाद, रोजच्या माणसाचा रस्ता नाही.

बाहेरच्या देशांत मर्यादा नसतात असं नाही. अमेरिकेत आहे, पण वेगळ्या तऱ्हेची. तिथे माणशी मर्यादा नाही, एका अपघातात सगळ्या प्रवाशांना मिळून द्यायच्या एकूण रकमेवर मर्यादा, आणि तिथे चूक दाखवावी लागते. १९९७ च्या कायद्याने ती २० कोटी डॉलर ठेवली. सप्टेंबर २००८ मधे कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल गाडी मालगाडीवर आदळली, चालक ड्युटीवर मोबाईलवर मेसेज करत होता, २५ माणसं गेली, शंभरावर जखमी. तेव्हा त्या २० कोटीत सगळ्यांचं भागेना आणि शेवटी एका न्यायाधीशाला बसून वाटणी करावी लागली, याला इतके दिले की त्याचे कमी होणार असं. पुढे २०१५ मधे फिलाडेल्फियाला अॅमट्रॅकची गाडी घसरल्यावर तिथल्या संसदेने मर्यादा साडेएकोणतीस कोटी डॉलर केली आणि दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे ती बदलायची हेही कायद्यातच घालून टाकलं. मला ही शेवटची गोष्ट आपल्याकडे हवी आहे. मर्यादा ठेवा, पण ती गोठवून ठेवू नका.

आता यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, कारण ८ लाख कमी आहेत हे खरंच, पण बहुतेक भांडणं रकमेवर होतच नाहीत. भांडण होतं ते माणूस 'प्रवासी' होता का यावर.

कायदा फक्त प्रवाशाला आणि ड्युटीवरच्या रेल्वे कर्मचाऱ्याला भरपाई देतो. १२४अ साठी प्रवासी म्हणजे ज्याच्याकडे प्रवासाचं तिकीट किंवा पास आहे, किंवा प्लॅटफॉर्म तिकीट आहे, म्हणजे कुणाला सोडायला आलेला माणूससुद्धा येतो, पण त्याने प्लॅटफॉर्म तिकीट काढलेलं हवं. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस यात येत नाही, उलट कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. मुंबईच्या रुळांवर मरणाऱ्यांत रूळ ओलांडणारे खूप मोठ्या संख्येने असतात, त्यांच्या घरी या कायद्याने काहीच जात नाही. ८ मे २०२० ला लॉकडाऊनमधे जालन्याहून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडी त्यांच्यावरून गेली. ते प्रवासी नव्हते, गाडीही प्रवासी नव्हती. राज्याने ५ लाख जाहीर केले ते मदत म्हणून, रेल्वे कायद्यात त्यांना जागाच नव्हती. फाटकावर गाडीने जीपला किंवा बसला उडवलं तर तेही यात येत नाही, पण तिथे मोटार अपघात ट्रिब्युनलमधे रेल्वेविरुद्ध दावा करता येतो हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मधेच मान्य केलंय, आणि तिथे ८ लाखांची मर्यादा लागत नाही. म्हणजे एकाच गाडीने, पण बाहेरच्याचा हिशोब वेगळा आणि आतल्याचा वेगळा.

मग येतो तिकिटाचा प्रश्न. गाडीतून पडलेल्या माणसाचं तिकीट कुठे सापडणार? खिशातून उडून जातं, रक्ताने भिजतं, हॉस्पिटलमधे कपडे कापून काढतात त्यात जातं, पाकीट कुणीतरी मारतं. रेल्वेचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवायचे, तिकीट नाही म्हणजे प्रवासी नाही. यावर ९ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, युनियन ऑफ इंडिया विरुद्ध रीना देवी, आणि तुमच्या कुणाच्या ओळखीत अशी केस असेल तर हे नाव लिहून ठेवा, वकिलाला माहीत असतंच पण तुम्हालाही माहीत असू दे. कोर्टाने म्हटलं की मृतदेह रुळाजवळ सापडला एवढ्यावरून तो प्रवासी ठरत नाही, पण तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असंही ठरत नाही. घरच्यांनी अॅफिडेव्हिट करून सांगायचं की कुठून कुठे चालला होता, तिकीट कसं काढलं, कुणी बघितलं, आणि ते सांगितलं की पुढचं ओझं रेल्वेवर जातं, तो प्रवासी नव्हता हे तिने दाखवायचं.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट पक्की झाली जी मुंबईकरासाठी सगळ्यात मोठी आहे. चढताना किंवा उतरताना पडणं हेसुद्धा 'गाडीतून पडणं'च आहे, आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण होऊ शकत नाही. चालत्या गाडीत चढायला गेला, दारात उभा होता, वाकला, हे सगळं फार तर निष्काळजीपणा. याआधी २००८ मधे चालत्या गाडीत चढताना पडलेल्या बाईच्या केसमधे आणि २०१० मधे उघड्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं होतं. मुंबई हायकोर्टानेही लोकलच्या गर्दीतल्या केसेसमधे प्रवाशांच्या बाजूने निकाल दिलेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, तेव्हा सोशल मीडियावर लगेच सुरू झालं की लटकतात कशाला. सकाळी दिव्याहून किंवा डोंबिवलीहून गाडी पकडणाऱ्याला हे विचारणं किती क्रूर आहे ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. पण भावना बाजूला ठेवली तरी कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे, दारात लटकणं म्हणजे जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेणं नाही, त्यामुळे भरपाईचा हक्क जात नाही.

हक्क जातो तो पाच गोष्टींनी, आणि त्या १२४अ मधेच लिहिल्यात. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली जखम, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. गाडीत हार्ट अटॅक आला तर भरपाई नाही. रेल्वे बऱ्याचदा 'स्वतःहून करून घेतलेली जखम' हा मुद्दा पुढे करते, पण त्यासाठी तसा हेतू होता हे दाखवायला लागतं, नुसती बेफिकिरी पुरत नाही.

आणि पुष्पकसारखं प्रकरण? तिथे माणसं पडली नाहीत, उतरली. गाडी घसरली नाही, टक्करही नाही. शब्दशः बघितलं तर १२४ मधे नीट बसत नाही आणि 'पडणं' यातही नाही. तिकीट काढलेली, जीव वाचवायला उतरलेली माणसं. माझं मत विचाराल तर हा कायदा प्रवाशाच्या भल्यासाठी केलेला आहे आणि त्याचा अर्थ तसाच मोकळेपणाने लावायचा असं सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलंय, तेव्हा अशा घटनेसाठी १२३ च्या व्याख्येत स्पष्ट शब्द घालणं सरकारला अवघड नाही.

उशिराचं काय, हेही समजून घ्या, कारण या केसेस वर्षानुवर्षं चालतात. अपघात झाला तेव्हा मर्यादा ४ लाख, निकाल लागला तेव्हा ८ लाख, मग कुठली धरायची यावर आधी उलटसुलट निकाल होते. रीना देवीमधे त्याचा मार्ग काढला. अपघाताच्या दिवशीची रक्कम घ्या, त्यावर योग्य ते व्याज लावा, आणि ती बेरीज निकालाच्या दिवशीच्या रकमेपेक्षा कमी भरत असेल तर निकालाच्या दिवशीची रक्कम द्या, दोन्हीतली जास्त. समजा २०१४ चा अपघात आणि निकाल २०२५ मधे, ९ टक्के साधं व्याज धरलं तर ४ लाखांवर वर्षाला ३६ हजार, अकरा वर्षांचे ३ लाख ९६ हजार, एकूण ७ लाख ९६ हजार, हे ८ लाखांपेक्षा कमी म्हणून ८ लाख मिळतील. अपघात २००५ चा असेल तर वीस वर्षांचं व्याज ७ लाख २० हजार आणि एकूण ११ लाख २० हजार, मग ते मिळतील. व्याजाचा दर कोर्ट ठरवतं, हा नुसता हिशोब कळावा म्हणून.

इन्शुरन्स. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना तो ४५ पैशांचा पर्याय असतो ना, तो टिक करत जा, खरंच. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, कायमचं अंशतः अपंगत्व साडेसात लाखांपर्यंत, हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. म्हणजे ४५ पैशांत जे मिळतं ते कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, यावरून त्या मर्यादेची अवस्था कळते. हा विमा फक्त ऑनलाइन काढलेल्या कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाला आहे, खिडकीवरच्या तिकिटाला नाही, लोकलच्या पासाला नाही. तिकीट काढल्यावर मेसेजमधे लिंक येते तिथे वारसाचं नाव भरायचं असतं, ते बहुतेक जण भरतच नाहीत आणि मग घरच्यांना वारस असल्याचे कागद जमवत बसावं लागतं. विमा मिळाला म्हणून ट्रिब्युनलची भरपाई कमी होत नाही, कलम १२८ मधे विम्याचा आणि कराराचा हक्क वेगळा राखून ठेवलाय. त्याच कलमात एक अटही आहे, एकाच अपघातासाठी वेगवेगळ्या कायद्यांखाली दोनदा भरपाई मागता येत नाही, म्हणजे कामावर असताना गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी कामगार भरपाई आणि रेल्वे भरपाई यातलं एक निवडायचं. सानुग्रह मदत घेतली म्हणून दावा संपत नाही, तो चेक बिनधास्त घ्या. कलम १२६ खाली अंतरिम मदत मागता येते, ती मात्र शेवटच्या रकमेतून वजा होते.

दावा कुठे करायचा? रेल्वे दावा न्यायाधिकरण, सगळे रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलच म्हणतात. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला बेंच आहे. जिथे तिकीट काढलं, जिथे उतरायचं होतं, जिथे अपघात झाला किंवा अर्ज करणारा जिथे राहतो, यातल्या कुठल्याही ठिकाणच्या बेंचकडे अर्ज चालतो, त्यामुळे बिहारमधे अपघात झाला तरी नागपूरच्या कुटुंबाला पाटण्याच्या फेऱ्या मारायची गरज नाही. मृत्यू किंवा जखमेच्या दाव्याला अर्जाची फी नाही. मुदत अपघातापासून एक वर्ष, उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील.

कोण मागू शकतं? नवरा, बायको, मुलगे, मुली. माणूस अविवाहित किंवा अल्पवयीन असेल तर आईवडील. आणि त्याच्यावर अवलंबून असतील तर लग्न झालेल्याचेही आईवडील, अल्पवयीन भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण, विधवा सून वगैरे. लग्न झालेल्या मुलाच्या म्हाताऱ्या आईला बरेचदा सांगितलं जातं की हक्क सुनेचा, तुमचा नाही, ते चुकीचं आहे, ती त्याच्यावर अवलंबून असेल तर तिचंही नाव अर्जात हवं.

कागदांचं सांगतो कारण केस तिथेच जिंकतात किंवा हरतात. घटना घडली की रेल्वे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा होतो, स्टेशन मास्तरचा मेमो असतो, पोस्टमॉर्टेम होतं. पंचनाम्यात अंगावर काय सापडलं याची यादी असते, त्यात तिकीट, पास, मोबाईल आहे का ते लगेच बघून घ्या, असूनही लिहिलं नसेल तर तिथेच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही. 'रूळ ओलांडताना' असं लिहिलंय का तेही बघा, कारण कुणी बघितलेलं नसताना सवयीने असं लिहिलं गेलं तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. मोबाईल अॅपवर तिकीट काढलेलं असेल तर त्या फोनमधला रेकॉर्ड जपा, पासाची झेरॉक्स किंवा फोटो घरी असू दे, बरोबरच्या प्रवाशाचा नंबर घ्या. रेल्वेही स्वतःची चौकशी करते, अनुचित घटनांच्या तपासासाठी २००३ चे नियम आहेत, त्याखाली तयार होणारा रिपोर्ट ट्रिब्युनलसमोर येतो, बोलीभाषेत त्याला डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) रिपोर्ट म्हणतात, त्याची प्रत तुमच्या वकिलाकडे आहे ना ते विचारा.

आणि वकील निवडताना सावध राहा. हॉस्पिटलच्या दारात किंवा शवागारापाशी येऊन 'सगळं मी बघतो, इथे सही करा' म्हणणाऱ्याच्या वकालतनाम्यावर, कोऱ्या कागदावर, बँकेच्या फॉर्मवर सही करू नका. पाटण्याच्या ट्रिब्युनलमधे कुटुंबांच्या नावाने खाती उघडून भरपाईचा मोठा हिस्सा भलतीकडेच वळवल्याचे आरोप झाले आणि ते प्रकरण ईडीपर्यंत गेलं. पैसे थेट दावेदाराच्या स्वतःच्या खात्यात जायला हवेत, ते खातं दावेदाराच्याच गावातल्या बँकेत, पासबुक दावेदाराच्याच हातात आणि मेसेज दावेदाराच्याच मोबाईलवर येत असला पाहिजे. लहान मुलांचा हिस्सा ट्रिब्युनल सहसा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, त्याची पावती कुणाकडे आहे आणि व्याज कुठल्या खात्यात जमा होतंय हे निकाल लागला त्याच आठवड्यात बँकेत जाऊन विचारून घ्या.